दिवे पुढच्या बाजूला

घड्याळवाल्यांच्या बायकोला झटका आला, उजवं अंग गेलं आणि सगळी भाषाही गेली. उरला तो एक शब्द: दार. तहान लागली की दार, पाठ अवघडली की दार, मुलाचा फोटो समोर धरला तरी दार. सुरुवातीला घड्याळवाले दर वेळी उठून खरंच दार उघडून येत. बाहेर कुणी नसे. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की बिचाऱ्या दाराचा यात काही संबंध नाही. बाकी सगळे शब्द वाहून गेले आणि हा एक कुठेतरी अडकून राहिला, एवढंच. तेव्हापासून ते नुसत्या सुरावर चालू लागले. उंच सुरातलं दार म्हणजे पाणी, लांबवलेलं दार म्हणजे कूस बदला. ज्या बाईने इतक्या वर्षांत नवऱ्याला एक वाक्य धड पुरं करू दिलं नव्हतं, तिच्याशी आता असा संसार चालला होता.

आठवड्यातून एकदा, दुपारी बारा वाजता, टॅबलेटवर व्हिडिओ कॉलने थेरपीवाल्या बाई येत. कप दाखवत, कंगवा दाखवत, म्हणा बरं म्हणत. बायको घाम फुटेपर्यंत ओठ जुळवायची आणि शेवटी दार म्हणायची. गेल्या खेपेला बाईंनी फार गोड बोलून सांगितलं होतं की इतक्या दिवसांत दुसरा शब्द आलेला नाही, आणि त्यांच्याकडे वाट पाहणारे पेशंट पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी एखादा तरी नवा शब्द कानावर पडला तर चालू ठेवू, नाहीतर ही वेळ दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल. बाईंचं काही चुकत नव्हतं.

आणि नेमका याच आठवड्यात घरातला जुना राउटर बंद पडला. आणला त्या दिवशी तो मुलानेच लावून दिला होता, त्यामुळे त्याच्या वाटेला कुणी गेलं नव्हतं. मुलगा दूरच्या शहरात कारखान्यात. पाळीवर असला की फोन बाहेरच्या कपाटात. इंटरनेट कंपनीने नवा डबा देऊन माणूस पाठवला तोही थेट थेरपीच्याच सकाळी. त्याने पलंगाशेजारच्या टेबलावर डबा ठेवला, वायर खोचली, बाकीचं हेल्पलाइनवाले सांगतील म्हणाला आणि चहा नको म्हणून जो निघाला तो निघालाच. टॅबलेटमध्ये सिमकार्ड नव्हतं. घड्याळवाल्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. म्हणजे सगळी भिस्त त्या पांढऱ्या डब्यावर.

डब्याची पुढची, दिव्यांची बाजू पलंगाकडे होती आणि पाठ भिंतीकडे. घड्याळवाले आपलं स्टूल घेऊन टेबल आणि भिंत यांच्या मध्ये शिरले. ही त्यांची जन्माची खोड. घड्याळ पुढून बघतो तो गिऱ्हाईक, मागून बघतो तो कारागीर, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. दुकान आता राहिलं नव्हतं, पण खोड होती. त्यांनी डोळ्याला भिंग चढवलं, हाताशी आपली बारीक सुई ठेवली आणि हेल्पलाइन लावली.

पलीकडची मुलगी समजूतदार निघाली. डब्याच्या तळाला नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड छापलेला होता, मुंगीएवढ्या अक्षरांत. इथे भिंग उपयोगी पडलं. टॅबलेट डब्याशी जोडला, मुलीने सांगितलेलं पान उघडलं, कंपनीने दिलेलं खात्याचं नाव एकेक अक्षर करून भरलं. आता तुमच्या वायफायला नाव द्या, मुलगी म्हणाली. घड्याळवाल्यांनी विचार केला आणि दुकानाच्या पाटीवरचं नाव दिलं: घड्याळघर. ते टाकताना त्यांना जरा बरं वाटलं. मग मुलीने बजावलं की सेव्ह करा आणि आता थोडा वेळ कशालाही हात लावू नका, लाल दिवा आपोआप हिरवा होईल.

कशालाही हात लावू नका, हे सांगायचं कुणाला? ज्याचं आयुष्य बंद पडलेल्या वस्तूंना हात लावण्यात गेलं त्याला. घड्याळवाले थोडा वेळ बसले. काही झालेलं दिसेना. भिंगातून त्यांना डब्याच्या पाठीवर एक बारीकसं छिद्र दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. काही घड्याळांच्या कडेला हुबेहूब असंच छिद्र असतं. सुईने दाबून धरलं की अडकलेली तारीख पुढे सरकते. त्यांनी सुई आत घातली आणि निगुतीने दाबून धरली. आत काहीतरी टिचकन झालं. बोटांना ते कळलं आणि त्यांनी समाधानाने सुई काढली.

“दार,” बायको म्हणाली.

हा सूर ओळखीचा नव्हता. तुटक, टोचणारा. पाणी हवं का, विचारलं तर तिने मान आडवी हलवली. थांब गं, होतंच आलंय, असं म्हणून ते पुन्हा भिंगाला डोळा लावून बसले. तेवढ्यात टॅबलेट म्हणाला की घड्याळघर नावाचं काही सापडत नाही. मुलगीही चक्रावली. सगळं परत कोरं कसं झालं, तिला कळेना. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी नाव नुसतं घर. सेव्ह. वाट पाहा. आणि घड्याळवाल्यांनी पुन्हा, यंत्राला जरा मदत म्हणून, सुई घातली.

“दार. दार.”

तिसऱ्यांदा नाव द्यायचं आलं तेव्हा त्यांनी एकच अक्षर टाकलं. पासवर्डात दोनदा चूक झाली, आणि भिंतीवरचं त्यांचं लाडकं घड्याळ, जे त्यांनी स्वतः एक सेकंदही मागे पडू दिलं नव्हतं, ते आज वैऱ्यासारखं पुढे चाललं होतं. सेव्ह केलं, सुई घातली, आणि सगळं परत कोरं. मुलीने विचारलं, काका, तुम्ही मध्ये काही दाबताय का? ते नाही म्हणाले. खोटं बोलावं म्हणून नव्हे; दाबणं म्हणजे बटण दाबणं, आणि बटणाला त्यांनी हात लावला नव्हता. मग लाइनमध्येच दोष असेल, तक्रार नोंदवते, उद्या माणूस येईल, असं मुलगी म्हणाली. तेव्हा मात्र घड्याळवाल्यांचा धीर सुटला. आयुष्यात कधी गिऱ्हाइकापुढे वाकले नसतील एवढे ते त्या न दिसणाऱ्या मुलीपुढे वाकले. माझ्या बायकोचं बोलणं आहे हो बारा वाजता, म्हणाले. मग तिने सगळं पुन्हा एकदा भरून घेतलं आणि साहेबांना विचारून येते म्हणून फोनवर संगीत लावून गेली.

संगीत वाजत राहिलं. घड्याळवाल्यांनी सुई उचलली आणि छिद्राशी नेली.

“नको.”

त्यांना आधी वाटलं, फोनमधून आलं. पण फोनवर तर संगीत होतं. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. बायको उशीवरून अर्धी उठली होती, मान ताठ, आणि चालता हात डब्याच्या पुढच्या बाजूकडे रोखलेला. घड्याळवाले भिंतीच्या कडेने धडपडत बाहेर आले आणि सकाळपासून पहिल्यांदा डब्यासमोर उभे राहिले. लाल दिवा लुकलुकत होता. त्यांच्या देखत तो स्थिर झाला, मग हिरवा झाला.

तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते पाठीमागे बसून सुई दाबत होते आणि दर वेळी बायको इकडे सगळे दिवे विझताना पाहत होती. सांगत होती, ओरडत होती, पण तिच्याजवळ दाराखेरीज काही नव्हतं. आणि शेवटी त्यांचा हात थांबवायला तिने कुठून तरी, किती खोलातून, एक शब्द ओढून आणला होता. घड्याळवाले तिच्याजवळ बसले आणि लहान मुलासारखे रडले. पुन्हा म्हण, एकदाच म्हण, म्हणत राहिले.

“दार,” ती म्हणाली आणि दमून उशीवर पडली.

फोनवर मुलगी परत आली. छिद्राचं ऐकून तिने कपाळाला हात लावला असणार, पण आवाजात येऊ दिलं नाही. ते सगळं पुसून टाकण्यासाठी असतं, काका, तिने समजावलं. चटकन सोडलं तर काही होत नाही, धरून ठेवलं की सगळं जातं. आता त्याच्या वाटेला जाऊ नका.

थेरपीवाल्या बाई पडद्यावर आल्या तेव्हा वेळ जवळजवळ सरत आली होती. घड्याळवाल्यांनी नमस्कारही न करता सांगून टाकलं की ती बोलली, नवीन शब्द बोलली. बाई खूश झाल्या, कप दाखवला. दार. कंगवा दाखवला. दार. नको म्हणा, असंही म्हणून पाहिलं. बायकोचे ओठ नुसते थरथरले. बाईंनी नजर क्षणभर बाजूला वळवली. त्यांचा पुढचा पेशंट आला असावा.

“काका, तुम्ही खोटं सांगताय असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण घरच्यांना ऐकू येतं हो. मला ऐकू यायला हवं.”

“थांबा. एक मिनिट थांबा, बाई,” घड्याळवाले म्हणाले आणि त्यांनी सुई घेतली.

या वेळी ते मागे गेले नाहीत. पलंगाशी उभं राहून, डब्यावरून हात पलीकडे नेऊन, बोटांनी चाचपून त्यांनी छिद्र शोधलं. मुलीने सांगितलेलं त्यांना चांगलं आठवत होतं: चटकन सोडलं तर काही होत नाही. ती नको म्हणेल, बाई ऐकतील, हात काढायचा. त्यांनी सुई टेकवली आणि बायकोकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. तिचे डोळे दिव्यांवर गेले, मग सुईवर. ओठ मिटले, पुढे आले. जीभ वर गेलेली दिसली. येतोय, शब्द येतोय, घड्याळवाल्यांना दिसत होतं, आणि श्वास रोखून, तिच्या तोंडाकडे पाहत, ते सुई दाबून धरून तसेच उभे राहिले.

दिवे गेले. पडद्यावर बाई काहीतरी म्हणता म्हणता थिजल्या, मग पांढरं झालं, मग काळं.

“नको,” बायको म्हणाली. अगदी स्वच्छ. “नको. नको.”

घड्याळवाल्यांच्या हातातून सुई पडली. काळ्या काचेत त्या दोघांचेच चेहरे दिसत होते. त्यांनी टॅबलेट पालथा ठेवला आणि तिचा चालता हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

“मी ऐकलं,” ते म्हणाले. “मी ऐकलं ना गं.”