कोरडे बूट

"पुरुषांच्या बाजूला तू जाऊ नकोस, मी बघते," जॅनिस म्हणाली. "कुणीतरी बेसिनमध्ये ओकलंय आणि वरून कागदी रुमाल पसरून ठेवलेत. झाकलं की झालं!"

"तुझ्या घरचं कार्य होतं का एकटीने आवरायला? दोघी मिळून करू," यूर्गिता म्हणाली आणि कोट खुंटीला अडकवायला वळली.

निवडणुकीचा निकाल पहाटे लागला होता. खाणकामगारांच्या क्लबाने आपला हॉल नव्या पक्षाच्या उमेदवाराला रात्रभर वापरायला दिला होता, आणि तो जिंकला होता. गावातली खाण बंद पडून एक पिढी उलटली होती. क्लबाच्या पाटीवर खाणकामगार राहिले होते, एवढंच. आता सकाळच्या उजेडात हॉलकडे बघवत नव्हतं. बिअर पिऊन गालिचा असा चिकट झाला होता की पाऊल उचलताना चर्र आवाज यायचा. डुकराचं मांस भरलेल्या पेस्ट्रीचे तुकडे बुटांखाली चिरडून त्यांची चरबी गालिच्यात मुरली होती. छतापासून लोंबणाऱ्या इंग्लंडच्या लाल-पांढऱ्या झेंड्यांच्या माळेचं एक टोक कुणाच्या तरी उरलेल्या ग्लासात बुडालं होतं. भिंतीवर निवडून आलेला माणूस अजून हसत होता. 'आपला देश आपल्याला परत' असं त्याच्या हनुवटीखाली लिहिलं होतं.

जॅनिस पिकरिंग या क्लबाची साफसफाई कित्येक वर्षं करत होती. यूर्गिता लिथुएनियाहून आली ती आधी शेतावर फ्लॉवर तोडायला, मग इथे. दहाएक वर्षं दोघींनी एकमेकींच्या शेजारी गुडघे टेकून फरशा घासल्या होत्या. क्लबातल्या पुरुषांना तिचं नाव म्हणता येत नसे. ते तिला जॉर्जी म्हणत, आणि तीही ओ देत असे. बोलायला लागली की मात्र ती अस्सल या गावची वाटे; शिव्यासुद्धा इथल्याच.

जिन्याखालच्या कपाटात बादल्या, फडकी आणि दोघींचे कामाचे रबरी बूट असत. जॅनिसने बारच्या मागच्या खिळ्यावरची किल्ली आणून कपाट उघडलं. स्टुलावर बसून यूर्गिताने एक पाय बुटात घातला आणि ती तशीच थांबली.

"काय गं?"

यूर्गिताने पाय बाहेर काढला. मोजा घोट्यापर्यंत ओला झाला होता. मग वास आला. बुटात पाणी नव्हतं, मूत होतं. दोन्ही बुटांत, घोटा बुडेल इतकं.

जॅनिसने आपले बूट उचलले आणि त्यांत हात घालून पाहिला. कोरडे ठाक.

 मग यूर्गिता एका पायावर लंगडत मागच्या मोरीपर्यंत गेली, मोजा काढून कचऱ्यात टाकला आणि पाय नळाखाली धरला. पाणी गार होतं. पाय लालबुंद होईपर्यंत तिने तो धरून ठेवला. जॅनिस साबण घेऊन मागे उभी राहिली.

"आण इकडे," यूर्गिता म्हणाली. "आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. मी मेलेली नाही."

क्लबाचा अध्यक्ष मॅल्कम तासाभराने आला. शर्टाला कडक इस्त्री, डोळे मात्र सुजलेले. जॅनिसने त्याला कपाटाशी नेऊन बूट दाखवले.

"अरे अरे," मॅल्कम म्हणाला. "वरचा पाइप गळतोय की काय?"

"पाइप नेम धरून बुटात गळतो होय?"

"जॅनिस, प्यायला लागलं की माणसाला भान राहत नाही. कुणाला तरी संडासच वाटला असेल."

"माझे शेजारीच होते, मॅल्कम. त्यांच्यावर थेंब नाही."

मॅल्कमने नाकावर रुमाल धरला. मग यूर्गिताकडे वळून तो अगदी मायेने बोलला, "क्लब तुला नवे बूट देईल. चांगल्यातले देईल. पण हे बाहेर नको हं जायला. पेपरवाले टपून बसलेत. आपल्या गावाचं नाव उगाच खराब होईल."

"आपल्या म्हणालास, त्यात मी येते का?" यूर्गिताने विचारलं.

"येतेस की! तू काय त्या बाकीच्यांसारखी आहेस? तू आमच्यातलीच, जॉर्जी. हे तुझ्यासाठी नव्हतंच मुळी."

"बूट माझे होते."

मॅल्कम निघाला. भिंतीवरचा झेंडा जरा वाकडा झाला होता, तो त्याने जाता जाता सरळ केला.

गोष्ट दुपारपर्यंत गावभर झाली. बारवरच्या पोरीने कुणाला तरी सांगितलं, त्या कुणीतरी फेसबुकवर टाकलं. निम्म्या गावाने खाली लिहिलं की लाज वाटली पाहिजे. उरलेल्या निम्म्याने लिहिलं की हे सगळं हरलेल्यांनी रचलेलं आहे. काहींनी नुसते हसरे चेहरे टाकले होते. त्यात आपल्याच गल्लीतली दोन नावं बघून जॅनिसने फोन उलटा ठेवला.

शनिवारी सकाळी हरलेल्या बाजूची एक बाई आली. नाव फिलिपा. ती वरच्या अंगाच्या खेड्यात राहायची, जिथे दगडी घरं आणि घोडे आहेत. इतक्या वर्षांत तिने या क्लबात कधी पाऊल टाकलं नव्हतं. लिननचा सैल कोट सावरत ती जपून जपून गालिच्यावरून चालत आली, यूर्गिताचे दोन्ही हात हातांत घेतले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "तुम्हाला – किती – भीती – वाटली – असेल."

"भीती नाही वाटली, बाई. किळस आली," यूर्गिता म्हणाली.

"हो, हो. अगदी बरोबर शब्द." फिलिपाने फोन काढला. "हे लोकांपर्यंत पोचलं पाहिजे. ते बूट आहेत ना? जरा उजेडात धरता का?"

"टाकून दिले."

"अरेरे." तिचा चेहरा खरोखर पडला. तिने इकडेतिकडे पाहिलं. जॅनिसचे बूट कपाटाशी होते. "हे चालतील. तसेच दिसतात. नुसते हातात धरा. नाही, हसू नका."

"मी हसत नाहीये. माझं तोंडच असं आहे."

जॅनिसने पुढे होऊन आपले बूट उचलले आणि काखेत मारले. "हे माझे आहेत. यांच्यात कुणी मुतलेलं नाही. तुम्हाला पाहिजे असेल तर बाहेर दोन-चार म्हातारे बसलेत, विनंती करून बघा."

फिलिपा गोरीमोरी झाली. "तुम्ही कुठल्या बाजूच्या आहात, तेच मला कळत नाही," ती म्हणाली.

ती गेल्यावर यूर्गिता पहिल्यांदा मोठ्याने हसली. जॅनिसही हसली, पण लगेच बूट कपाटात ठेवायला वळली. कारण यूर्गिताने तो प्रश्न अजून विचारला नव्हता, आणि जॅनिसने मत दिलं होतं ते भिंतीवरच्या त्या हसऱ्या माणसालाच. संध्याकाळची बस बंद झाली होती, डॉक्टरांचा फोन लागत नव्हता, मुलगा भाडं परवडत नाही म्हणून गाव सोडून गेला होता. आधीच्या पक्षांना तिने आळीपाळीने मत देऊन पाहिलं होतं. हा निदान क्लबात बसून चिप्सचं सँडविच खाऊन गेला होता. मत देताना यूर्गिता तिच्या मनातही आली नव्हती. खरं तर तेच तिला आता खात होतं.

संध्याकाळी नवरा, कॉलिन, टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन बसला होता. जॅनिसने फिलिपाची गोष्ट सांगितली, तेव्हा तो ठसका लागेपर्यंत हसला.

"त्या बुटांची काय ती बोंब," डोळे पुसत तो म्हणाला. "गंमत होती गं. एवढं काय?"

"तुला काय माहीत गंमत होती म्हणून?"

कॉलिन चिप्स चिवडत राहिला.

"कॉलिन."

"अगं, बेसिनमध्ये घाण झाली होती, म्हणून फडकं आणायला गेलो होतो. तुम्हा बायकांना त्रास नको, असं मीच म्हटलं. किल्ली कुठे असते ते मला माहीत. कपाट उघडलं, तर पोरं मागून आली. एकाने विचारलं, यातले त्या परदेशिणीचे कुठले?"

"आणि तू सांगितलंस."

"तुझ्या बुटांत करू नये म्हणून सांगितलं! मी काही केलं नाही. मी नुसता दार धरून उभा होतो."

"हसत होतास?"

"सगळेच हसत होते."

जॅनिस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठाच्या कोपऱ्यात सॉस लागला होता. याच माणसाचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा यूर्गिता बिटाचं ते गार गुलाबी सूप डब्यात घालून आणायची, आणि हा चमच्याने तळ खरवडायचा. तिला एकदम त्याच्या चघळण्याचा आवाज ऐकवेना. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि स्वच्छ असलेली भांडी पुन्हा घासत बसली.

रविवारी सकाळी ती यूर्गिताच्या घरी गेली. बाजारातल्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ती मुलीबरोबर राहायची. यूर्गिताने दार उघडलं, पण ती दारातून बाजूला झाली नाही. जॅनिस जिन्यातच उभी राहिली.

"कॉलिन तिथे होता," जॅनिस म्हणाली. "त्याने केलं नाही. पण बूट कुठले ते त्यानेच दाखवलं."

यूर्गिताने मान हलवली. "आणि तू? तू मत कुणाला दिलंस?"

खोटं बोलता आलं असतं. यूर्गिताने ते मानूनही घेतलं असतं.

"त्यालाच," जॅनिस म्हणाली. "पण हे असं व्हावं म्हणून नाही गं."

"माहितीय. असं व्हावं म्हणून कुणीच देत नाही." यूर्गिताने चौकटीवरची धूळ बोटाने पुसली. "उद्यापासून मी येत नाहीये. भाजीच्या कारखान्यात काम मिळालंय. रात्रपाळी आहे, पण बघू."

"परत तर जात नाहीस ना? तिकडे?"

"तिकडे कुठे? माझं घर हे आहे, जॅनिस." ती चिडली नव्हती, दमलेली दिसत होती. "जा आता. पोरीला उठवायचंय मला."

दुपारी क्लब भरलेला होता. जॅनिस कोट न काढताच आत आली. कॉलिन चौघांबरोबर खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता, मॅल्कम बारशी होता. तिने कपाटातून बादली, जंतुनाशकाची बाटली आणि घासायचा ब्रश काढला आणि सगळं कॉलिनच्या पायाशी आणून ठेवलं.

"कपाटाच्या तळाशी अजून वास येतोय," ती म्हणाली. "ऊठ."



"घरी बोलू, जॅन," कॉलिन हळूच म्हणाला.

"घरी वास येत नाहीये."

"जॅनिस, बास की आता," मॅल्कम म्हणाला. "जिचं झालं ती गेली सोडून. तू कशाला पेटलीस?"

कॉलिनने शेजारच्या चौघांकडे पाहिलं. त्यांतल्या एकानेही वर मान केली नाही. जो तो आपापल्या ग्लासात बघत होता. त्यांपैकी कुणीतरी तो होता, किंवा सगळेच. जॅनिसला कळून चुकलं की हे टेबल तिने आता कितीही घासलं तरी तिच्यापुरतं ते साफ व्हायचं नाही. कॉलिन उठला नाही. त्याने ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि मान खाली घातली. तिला त्याची दया आली असती, दोन दिवसांपूर्वी.

तिने क्लबाची किल्ली जुडग्यातून सोडवून मॅल्कमसमोर ठेवली.

"उद्या सकाळी कोण साफ करणार?" मॅल्कम म्हणाला.

"कॉलिनला सगळं माहितीय. किल्ली कुठे, कपाट कुठे. त्याला विचार."

ती बाहेर पडली तेव्हा मागे कुणीतरी टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या रात्रीपासून ती मुलाच्या जुन्या खोलीत झोपू लागली. कॉलिनने दोनदा दारावर टकटक केली, माफीही मागितली, पण ती तिचीच मागितली. यूर्गिताकडे जा म्हटलं की तो म्हणे, "लोक काय म्हणतील?" ती त्याचा स्वयंपाक करायची, औषधं काढून ठेवायची. त्याच्या टेबलाशी मात्र बसायची नाही. तिला एका शाळेत सफाईचं काम मिळालं. निवडून आलेला माणूस लंडनला गेला. संध्याकाळची बस काही परत सुरू झाली नाही.

पानगळीच्या दिवसांत एका सकाळी जॅनिस कामावर जायला बसमध्ये चढली. बस गच्च होती. मधल्या बाकावर एकच जागा होती आणि खिडकीशी यूर्गिता होती, रात्रपाळी करून परतणारी, कपाळावर कारखान्यातल्या केसांच्या जाळीचा वळ अजून तसाच.

तिने जॅनिसला पाहिलं आणि शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बसा ना, मिसेस पिकरिंग," ती म्हणाली.

जॅनिस बसली. "कशी आहेस?" तिने विचारलं.

"मी बरी आहे. तुम्ही कशा आहात?"

"बरी आहे."

"मिस्टर पिकरिंगांचा खुबा?"

"चालतोय."

"छान," यूर्गिता म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. कापणी झालेली फ्लॉवरची शेतं मागे जात होती; उरलेल्या पानांचा कुजका वास बसमध्ये शिरला होता. दोघींचे खांदे वळणावर एकमेकींना लागत होते, आणि दर वेळी यूर्गिता अगदी हलकेच अंग आवरून घेत होती.

बाजाराचा थांबा आला. "माफ करा हं, जरा जाऊ देता का?"

जॅनिसने गुडघे बाजूला घेतले. यूर्गिता उतरली. बस हलली. खिडकीशी जागा मोकळी झाली होती, पण जॅनिस तिकडे सरकली नाही. शाळा येईपर्यंत ती बाकाच्या कडेलाच बसून राहिली.