पावलात पाऊल

"बाबा, पाय उचला. एकच पाऊल," थोरली म्हणाली आणि तिने हात आणखी पुढे केला.

बाबांनी तो हात घेतला नाही. पॅसेजच्या मधोमध ते भिंतीला पाठ लावून उभे होते. एक पाऊल नीट टेकलेलं, दुसऱ्याची टाच जमिनीपासून जरा वर. न्हाणीघरातून खोलीकडे परतताना त्यांच्या पायाखाली एक फरशी खट्‌कन हलली होती आणि ते जागच्या जागी थिजले होते. खालचा पाइप गळतो म्हणून धाकट्याने कालच प्लंबर बोलावून ती फरशी उखडून घेतली होती. सिमेंट उद्या भरायचं ठरलं होतं, तोवर ती नुसती वाळूवर टेकवून ठेवली होती. घरातल्या बाकी सगळ्यांना ती चुकवून चालायची सवयही झाली होती.

"इथं सुरुंग आहेत," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "कोणी हलायचं नाही."

गेल्या वर्षी बाबा पडले तेव्हा खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, पुन्हा पडले तर उठायचे नाहीत. आणि आता त्यांचा डावा गुडघा लटलटत होता. पायजम्याचं कापड हलताना तिला लांबूनही दिसत होतं. खोलीच्या दाराशी त्यांची खुर्ची होती. मध्ये अंतर ते कितीसं! नातवंडं दोन-चार उड्यांत पार करायची.

धाकटा छापखान्यातून जेवायला आला तो थेट पॅसेजच्या तोंडाशी. शाईने माखलेले हात त्याने पँटला पुसले, बहिणीचा चेहरा बघितला, आणि काय झालंय ते न विचारता तरातरा पुढे निघाला.

"मागे!"

बाबांच्या तोंडून असा आवाज निघू शकतो हे दोघंही विसरून गेली होती. धाकटा चाळिशीचा गडी, पण खिळल्यासारखा उभा राहिला. बाबांचा तोल गेला, खांदा भिंतीला घासला, हात हवेत काहीतरी शोधू लागले. कसेबसे ते सावरले. धाकटा आल्या पावली, अगदी त्याच फरश्यांवरून, मागे सरकला.

"ताई, आपण सरळ उचलून आणू त्यांना."

"आणि झटापटीत पडले तर?"

बाबांच्या हातांत अजून ताकद होती. मागच्या महिन्यात रक्त काढायला आलेल्या मुलीला त्यांनी असं ढकललं होतं की बिचारी कपाटावर आदळली होती. "युद्ध संपलं बाबा, कधीच संपलं," असंही धाकट्याने एकदा सांगून बघितलं. बाबांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

फौजेतून सुटल्यावर बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. कोणाचं भांडण मिटवायचं असो, कोणाच्या मुलीला नोकरी लावायची असो, की कोणी रुसून बसलेला असो, सगळा गोतावळा बाबांच्या दुकानात येऊन बसायचा. बाबा डोळ्याला भिंग लावून चिमट्याने चाकं उचलत ऐकायचे आणि शेवटी दोन वाक्यं बोलायचे. त्या दोन वाक्यांवर घरं चालत होती. लढाईच्या गोष्टीही ते त्याच दुकानात सांगायचे. त्यांच्या गोष्टींत मीठ विसरणारा स्वयंपाकी होता, साहेबांची टोपी खाणारं खेचर होतं. पोरं हसून हसून लोळायची. ते सुरुंग काढायच्या तुकडीत होते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कामही त्या गोष्टींत बटाटे खणून काढण्याइतकंच भयंकर वाटायचं.

बागेत जा, समुद्रावर जा, बाबा सगळ्यात पुढे आणि बाकीचा लवाजमा मागे, एका रांगेत, त्यांच्या पावलात पाऊल टाकत. जो रांग सोडेल त्याच्या डोक्यावर सगळ्या पिशव्या. लोक बघून हसायचे आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "माणसांसारखे चाला की जरा," ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता रांगेतच चालायची. फुलांच्या वाफ्यात बटणं पुरून ती आईच्या विणायच्या सुईने शोधायचा खेळही बाबांचाच. सुई उभी खुपसायची नाही. तिरपी धरायची, हलक्या हाताने सारायची, काही लागलं की थांबायचं. स्वेटर अर्धवट आणि सुया चिखलात, म्हणून आईने कितीदा तरी डोकं धरलं होतं. या खेळात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"माझ्या पिशवीतली विणायची सुई आण," ती धाकट्याला म्हणाली. "आणि पावडरचा डबा."

"पावडर कशाला?"

"आण रे, सांगते ते!"

ती जमिनीवर पालथी पडली. पन्नाशी उलटलेलं अंग, गुडघ्यांनी लगेच तक्रार केली. दोन फरश्यांमधल्या फटीत तिने सुई घातली, तळहाताने पुढची फरशी चाचपली, मग पुढची फट. मोकळ्या झालेल्या जागेच्या दोन्ही कडांना धाकटा तिच्या मागून पावडरची रेघ ओढत होता.

"शेजारचं कोणी आलं तर काय सांगायचं?" तो पुटपुटला.

"सांग, फरशी पुसतोय."

त्याला हसू आलं आणि त्याच वेळी त्याचे डोळे भरले. त्याने तोंड फिरवलं.

"तिरपी," वरून बाबांचा आवाज आला. "तिरपी धर. घाई करायची नाही."

तिने सुई आणखी तिरपी केली.

"हां. अस्सं."

एवढ्या सगळ्या धांदलीत थोरलीला त्या शाबासकीने बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा रागही आला. सुटलेली फरशी तिने वळसा घालून टाळली. बाबांच्या पावलांपाशी पोचली तेव्हा तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ती उठून पाय मुडपून बसली, गाऊन गुडघ्यांवरून खाली ओढला.

"झाली वाट मोकळी," ती म्हणाली. "आता मी पुढे होते. माझ्या पावलात पाऊल टाकून या."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा सैल पडला.

"लंब्या?" ते म्हणाले. "तू?"

थोरलीने धाकट्याकडे पाहिलं. त्याने नकारार्थी मान हलवली. लंब्या नावाचा माणूस त्यांच्या एकाही गोष्टीत कधी आला नव्हता. शिवाय ती घरातली सगळ्यात बुटकी.

"पाळी माझी होती रे," बाबा म्हणाले. "ताप तरी कसला? अंग जरासं गरम होतं, बस. तू म्हणालास, पड तू, मी जातो. आणि मी पडून राहिलो."

अशा वेळी काय बोलायचं असतं? मी लंब्या नाही, तुमची लेक आहे, असं सांगावं? मग ही पावडर, ही वाट, सगळंच मुसळ केरात. कोण होता हा लंब्या, कुठला, त्याच्या घरी कोण होतं, हे विचारायला आता माणूसच उरला नव्हता. आई असती तरी तिला ठाऊक असतं का, कोण जाणे. इतकी वर्षं बाबा सगळ्यांच्या पुढे चालत आले, आणि त्यांच्या मागून उड्या मारत चालताना या पोरांना वाटायचं, आपले बाबा म्हणजे राजे. थोरलीला पुढचा विचार करवेना.

"पाय कसे आहेत तुझे?" बाबांनी विचारलं.

ते वाकून बघत होते. गाऊनचा घोळ जमिनीवर पसरलेला होता आणि त्याखाली त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांचा गुडघा आता जोरात थरथरत होता.

थोरलीने अंग एका बाजूला झुकवलं, मुडपलेले पाय बाहेर काढले आणि त्यांच्यापुढे सरळ पसरले. भेगा पडलेल्या टाचा, चपलेने वाकडी झालेली करंगळी, घोट्याला लागलेली पावडर.

"बरे आहेत," ती म्हणाली. "दोन्ही बरे आहेत."

बाबा पायांकडे बघत राहिले. मग त्यांचा हात खाली आला, तिच्या खांद्यावर विसावला, आणि ती उठून वळली तरी तो तिथेच राहिला. ती पुढे चालली. मागे प्रत्येक पाऊल नेमकं तिच्या पावलाच्या जागी पडत होतं.

धाकट्याने खुर्ची घट्ट धरून ठेवली होती. पण खुर्चीशी येऊन बाबा बसेनात.

"तू घरी जा आता," ते थोरलीला म्हणाले. "तुझी आई वाट बघत असेल."

"जाते, तुम्ही आधी बसा."

"नाही. तू निघ. तू गेल्याखेरीज मी बसायचा नाही."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. बाबांनी कोणाची विनवणी केलेली तिने जन्मात ऐकली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. आणि मग अडखळत, "जातो मी."

तिने दाराशी चपला घातल्या, बाहेर आली आणि दार नुसतं लोटून जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. किती वेळ असं उभं राहायचं, हे तिला कळेना. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"गेला?"

"गेला, बाबा."

"चालत?"

"चालत गेला," तो म्हणाला. "जिना उतरतोय."

खुर्ची करकरली नाही. बाबा उभेच होते, कान देऊन ऐकत होते. थोरलीने कठडा धरला आणि ती उतरू लागली, एकेक पायरी, पायातली चप्पल जोरात आपटत.