कमी भोकांचं कार्ड

"बीए इतिहास ना तू? मग इथं काय, पेशव्यांची वंशावळ काढणार?" माझ्या हातातला कार्डांचा गठ्ठा घेता घेता श्यामकांतनं विचारलं. कॉम्प्युटर चालवायचं काम त्याचं.

"वंशावळच समज. चुकली तर तुझं यंत्र तासाभरात सांगतं. आमचे प्रोफेसर वर्ष लावायचे."

तो हसत आत गेला. मी बाकावर बसले.

चौऱ्याहत्तरचा मे. अंधेरीतल्या त्या कंपनीचा कॉम्प्युटर आमच्या प्रोग्रॅमिंगच्या वर्गाला आठवड्यातून एकदाच मिळे. आज शेवटची परीक्षा होती. ज्याचा प्रोग्रॅम पहिल्याच फेरीत चालेल, त्याला तिथंच नोकरी. मला मिळाली तर माझा नवरा गिल्बर्ट बोटीवरची नोकरी सोडून घरी येणार होता. आयरीन दोन वर्षांची झाली. तिला बाप फोटोतलाच ठाऊक.

माझी ब्याऐंशी कार्डं होती. एका कार्डावर एक ओळ, आणि ओळीतलं प्रत्येक अक्षर म्हणजे कार्डाला पाडलेली भोकं. आयरीन दुपारी निजली की एका हातानं तिला थोपटत मी त्या ओळी कागदावर जुळवल्या होत्या. गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीनं या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ ओढली होती, चुकून विस्कटला तर क्रम लागावा म्हणून.

श्यामकांत बाहेर आला तो हसत नव्हता.

"शेवटचं, END लिहिलेलं कार्ड कुठाय गं? प्रोग्रॅम संपला हे यंत्राला कळलंच नाही."

"असेल ना. नीट बघ."

"दोनदा मोजली. एक्याऐंशी आहेत."

मी गठ्ठा घेऊन कड पाहिली. रेघ कोपऱ्याला टेकलीच नव्हती. केसभर आधी थांबली होती.

"दोन मिनिटांत नवीन पाडून देते."

"एकच फेरी म्हणून सरांनी बजावलंय." मग हळूच म्हणाला, "मोजून तरी आणायचीस, यार."

मरोळ गावठाणात आमच्या गल्लीत शिरले तोच शिंका सुरू झाल्या. मिरच्या कुटणाऱ्या बाया नुकत्याच गेल्या होत्या. अंगणात सासूबाई तपकिरी बाटल्यांची रांग लावून वर्षाचा मसाला भरत होत्या. आयरीन एका रिकाम्या बाटलीला कुशीत घेऊन निजवत होती.

"आलीस, ऑलिव्ह? नरसाळं मोडलं बघ. तू न्हायला गेलीस तेव्हा तुझ्या त्या गठ्ठ्यातला एक पुठ्ठा घेतला. मेल्या सगळ्यांना भोकंच भोकं, मसाला राहील कसा? हा एकच बरा निघाला. बरोब्बर शोधला की नाही?"

लाल झालेला तो पुठ्ठा गुंडाळून त्यांनी बाटलीच्या तोंडात खोचला होता.

"शोधलास, माय."

"ही पहिली बाटली गिल्बर्टची. पण आता येतोयच ना तो? मग पाठवायची कशाला? घरीच ठेवू."

मी चपला काढल्या. हात धुतले.

"पाठवूच या, माय."

त्यांचा मसाल्याचा हात हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाटलीच्या तोंडातल्या पुठ्ठ्याकडे. सरकून मला बसायला जागा केली.

मी ते पुठ्ठ्याचं नरसाळं हातात घेतलं. तीन अक्षरांची सहा भोकं, त्यांतून मसाला बारीक गळत होता. ती बोटांनी दाबून धरली आणि दुसरी बाटली पुढे ओढली.