कोणाच्या आईवर लिहिलाय?

‘आजीची खुर्ची आता खाली आहे.’

लुंबिनीच्या कागदावरच्या या वाक्यापाशी भाऊरावांचं लाल पेन थांबलं. वरच्या चार ओळींत त्यांनी सहा दुरुस्त्या केल्या होत्या. दिल्लीत एका मंत्रालयाच्या अनुवाद शाखेत बत्तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन नोएडाला राहायला आले तरी खिशातलं लाल पेन तसंच होतं.

“खाली नाही बेटा, रिकामी,” ते म्हणाले.

शेजारी दहा वर्षांची लुंबिनी उभी होती. तिनं नुसती मान हलवली. तिच्या आईला, समताला, ती मान ओळखीची वाटली.

आजीला, शैलाबाईंना, जाऊन बावीस दिवस झाले होते. दहा वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाला लोक यायचे होते. आजीबद्दल मी मराठीतूनच बोलणार, हे लुंबिनीनं स्वतःच ठरवलं होतं. हिंदीत बोललीस तरी कोणी काही म्हणणार नाही, असं समतानं तिला दोनदा सांगून पाहिलं होतं.

समता सहावीत असताना तिनंही असाच एक कागद बाबांना दाखवला होता. तेव्हा ते लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. मराठी मंडळाच्या निबंध स्पर्धेला विषय होता ‘माझी आई’. तिनं लिहिलं होतं, ‘मी शाळेतून येते तेव्हा आई भाकरी करून राहिली असते.’ आई पवनीची. तिच्या तोंडी कायम तिकडचं ‘करून राहिली, येऊन राहिली’. तेच घेऊन ती दिल्लीला आली, आणि इथल्या हिंदीत ते इतकं चपखल बसलं की शेजारणींना वाटायचं, बाई पहिल्या दिवसापासून हिंदी बोलते. बाबांनी ते वाक्य सुधारलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं. आईनं तो नीट बसून ऐकला, आणि पदराला हात पुसत म्हणाली, “छान आहे. कोणाच्या आईवर लिहिलाय?”

बाबा तेव्हा हसले होते. समताला मात्र ते हसणं जमलं नव्हतं.

“बाबा, तेवढं खाली राहू द्या,” समता आता म्हणाली.

“अगं, अर्थ बदलतो. मराठीत खाली म्हणजे...”

“मला माहितीये. तिलाही माहितीये. पण सगळं सुधारलंत तर आई विचारेल ना, कोणाच्या आजीवर लिहिलाय म्हणून.”

भाऊरावांनी चष्मा काढला. बराच वेळ ते काच पुसत राहिले. मग पेनाला टोपण लावलं, आणि कागद लुंबिनीकडे सरकवत म्हणाले, “आधीचं पण तुझंच वाच. माझं लाल बघू नकोस.”

हॉल भरला. त्रिशरण-पंचशील झालं. पुढच्या रांगेत शैलाबाईंनी क्वार्टरमध्ये सांभाळलेली मुलं बसली होती. त्यांच्या आया ऑफिसात असायच्या, आणि दुपारभर ती शैलाबाईंकडे. कोणी गढवाली, कोणी तमिळ. आता सगळे टक्कल पडायला लागलेले बाप्ये. त्यातला एक उठून हिंदीत म्हणाला, आंटींनी शिकवलेली मराठी मला अजून येते. आणि लहान मुलासारखं म्हणाला, “हात धू. बस इथं. जेव.”

मग लुंबिनीनं स्टेजवर जाऊन वाचलं. लिंगं चुकली, ‘ळ’चा दोनदा ‘ल’ झाला. तिनं लिहिलं होतं की चौथ्या वर्षी शाळेतून आल्यावर तिनं पहिल्यांदा सांगितलं होतं, आजी, डबा खाली आहे. तेव्हा आजी दुखऱ्या गुडघ्यांनी वाकली होती आणि टेबलाखाली बघून म्हणाली होती, इथं तर नाही दिसून राहिला. “नंतर मला रिकामा शब्द आला,” लुंबिनीनं वाचलं, “पण मी रोज खालीच म्हटलं. आजी रोज वाकली. आजीची खुर्ची आता खाली आहे.” आणि कागदाची घडी करून ती खाली उतरली.

दुपारी पाहुणे गेल्यावर तिघं घरी जेवायला बसली. शैलाबाईंची खुर्ची टेबलाशी होती तशीच होती. भाऊरावांना आज भूक लागली होती. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मागून घेतलं. खीर आहे का अजून, त्यांनी विचारलं.

लुंबिनीनं पातेल्यावरचं झाकण उचललं.

“खाली आहे, आजोबा.”

तिनं लगेच जीभ चावली. समतानं बाबांकडे पाहिलं. भाऊराव उठले. एक हात शैलाबाईंच्या खुर्चीच्या पाठीवर टेकून, कंबर सांभाळत ते वाकले आणि त्यांनी टेबलाखाली पाहिलं.

“इथं तर नाही,” टेबलाखालून आवाज आला, “दिसून राहिली.”

“नीट बघा ना,” लुंबिनी म्हणाली.

ते नीट बघत राहिले. वर यायला त्यांना जरा वेळ लागला. तोवर समतानं खुर्ची हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.