दगडावरचं पाचवं नाव

"टेप आहे का साप? नुसतं गार लागतंय," मोठे मालक पुटपुटले. "आणि या वयात नवा कोट कशाला? कोट विटायच्या आत मी विटेन."

हे शिंपिणीलाच ऐकू गेलं, कारण तिचं डोकं त्यांच्या काखेजवळ होतं.

"हात वर करा मालक," ती म्हणाली.

कोट कशाला ते तिला चांगलं ठाऊक होतं. तिठ्यावरच्या दगडावर लढाईत मेलेल्या गावच्या सहा जणांची नावं होती. इतकी वर्षं त्या दगडाला शेळ्या पाठ घासायच्या, पोरं सायकली टेकवायची, नांगरटीची धूळ अक्षरांत बसायची आणि वळवाच्या सरीनं आपोआप निघायची. आता एकाएकी गावाला मेलेल्यांचा उमाळा आला होता. मोठ्या घरच्या धाकल्या मालकांना राजकारणात वर चढायचं होतं, आणि चढायला मेलेल्या माणसाचा खांदा बरा, तो कुरकुरत नाही. म्हणून दगडाशेजारी प्रत्येकाची माहिती कोरलेली नवी फरशी बसणार होती. बडा पाहुणा येणार होता. मोठे मालक कोट घालून दगडाला हार घालणार होते.

माहिती गोळा करायचं काम नव्या मास्तरांकडे होतं. माणूस बाहेरगावचा, गरीब गाय. दारोदार फिरला आणि ज्यानं जे सांगितलं ते मान खाली घालून लिहून आला. ज्या घरानं पोराला भरल्या ताटावरून उठवून हाकललं होतं, त्या घराला तो आता हिरा वाटत होता. दुसऱ्या नावाच्या पुतण्यानं तर सांगितलं, की चुलत्याला पदक मिळालं होतं, पण उंदरांनी नेलं. मास्तरांनी पदक लिहिलं, उंदीर गाळले.

आज पाचव्या नावाची पाळी होती. बैठकीत धाकले मालक पाय पसरून बसले होते. मोठ्या मालकांच्या वयाचा म्हातारा चक्कीवाला चहाच्या वासानं आला होता. खिडकीबाहेर ट्रॅक्टर कोरडी ढेकळं फोडत होता आणि तांबडी धूळ कपबशांवर येऊन बसत होती.

"पाचवे तुमच्याच घरचे ना?" मास्तरांनी विचारलं.

"आमचे काका. वडिलांचे थोरले भाऊ."

"पण नाव तर..." मास्तर अडखळले. "मोठ्या मालकांचं हेच नाव आहे ना?"

चक्कीवाल्यानं चहात तोंड घातलं.

"आमच्यात नाव पुढं चालवतात," धाकले मालक सहज म्हणाले. "काका गेले, आजोबांनी वडिलांचं नाव बदलून तेच ठेवलं."

"म्हणजे मालकांच्या विसाव्या वर्षी?"

"मग काय झालं? नाव ठेवायला पाळण्यातच असावं लागतं का? लिहा तुम्ही. वाघासारखा माणूस होता. काळीज एवढं!" त्यांनी हातानं काळजाचं माप दाखवलं. ते कलिंगडाएवढं होतं.

शिंपिणीनं छातीचं माप घेतलं. वाघ तिच्या हाताखाली उभा होता, आणि त्याच्या बनियनला भोक होतं.

गावातली जाणती माणसं सगळी जाणत होती. लढाईला दर मोठ्या घरातून एक तरणा मागितला, तेव्हा या घरानं नांगरावरच्या गड्याला न्हाऊमाखू घातलं, मुलाचं नाव त्याच्याकडून घोकून घेतलं आणि पाठवून दिलं. मुलाला आजोळी लपवलं. गडी मेल्याची तार मुलाच्या नावानं आली, आणि घर ऊर बडवून रडलं. शेजारीही रडले. तेव्हा दळण याच घराच्या चक्कीवर, पाणी याच घराच्या विहिरीवर. न रडून सांगतात कुणाला? पण गडी कुठं गेला, याला काही उत्तर हवं होतं. तो पळाला, असं उत्तर ठरलं. तो शिंपिणीचा बाप. ती तेव्हा अंगावर पीत होती.

आईनं मरेस्तोवर सांगितलं, "बाई, तोंड उघडू नकोस. इथंच राहायचंय." तिनं नाही उघडलं. गाव पाठीमागं तिला पळपुट्याची म्हणायचं, आणि पुढून परकर-पोलकी शिवायला टाकायचं.

"आणखी एक ओळ घाला मास्तर," धाकले मालक म्हणाले. "खाली, बारीक अक्षरात. सहा जण छातीवर गोळ्या झेलत होते, तेव्हा आमचा एक गडी भिऊन गाव सोडून पळाला. म्हणजे फरक उठून दिसेल. काय शिंपीणबाई? राग मानू नका. इतिहास तो इतिहास."

टेप तिच्या हातात तसाच राहिला. बोलण्यातलं बोलण्यात विरतं, त्याच्यावर ती आजवर जगली होती. दगडात कोरलेलं तिच्या नातवंडांना वाचता येणार होतं.

"घाला की," ती म्हणाली. "पण मास्तर, पळताना ज्यानं पाहिलं त्याचं नावही शेजारी कोरा. साक्षीदार नको?"

"बरोबर आहे," मास्तर भाबडेपणानं म्हणाले. "कुणी पाहिलं होतं?"



"काका, तुम्ही?" तिनं चक्कीवाल्याला विचारलं. "तुम्ही तर माझ्या बापाच्या बरोबरीचे."

"मला... तेव्हापासूनच जरा कमी दिसतं गं," चक्कीवाला म्हणाला आणि रिकाम्या कपातला चहा प्यायला लागला.

"धाकले मालक, तुम्ही?"

"माझा जन्म तरी झाला होता का? सगळं गाव सांगतं!"

"गावाचं नाव नाही हो कोरता येत. एक माणूस सांगा." ती वळली. "मालक, तुम्ही पाहिलंत?"

मोठे मालक अजून दोन्ही हात वर करून उभे होते. ते खाली घ्या म्हणायचं ती विसरली होती, की तिनं मुद्दाम म्हटलं नव्हतं, कोण जाणे.

"माप घे, आणि जा," ते म्हणाले.

"घेते. पाहिलंत का तेवढं सांगा."

"अगं ए, कुणाशी बोलतेस?" धाकले मालक उठले. "बाबा, तुम्ही आत चला. आणि मास्तर, लिहा. बाबांनी स्वतः पाहिलं. घाला बाबांचं नाव."

मास्तरांनी पेन टेकवलं आणि थांबले. "पण मालक, मग हे नाव फरशीवर दोनदा येईल. एकदा वर शहीद म्हणून, एकदा खाली साक्षीदार म्हणून."

चक्कीवाल्याला ठसका लागला. हसू होतं की चहा, कळलं नाही. कपात चहा नव्हता एवढं खरं.

मोठ्या मालकांनी हात खाली घेतले. त्यांनी मुलाकडं पाहिलं, बैलाच्या अंगावरच्या गोमाशीकडं बघावं तसं.

"गाढवा," ते म्हणाले, "मला माझ्याच नावाला हार घालायला लावतोस, आणि वर खोटी साक्षही माझीच?"

"बाबा!"

"गप. मास्तर, लिहा. हिचा बाप पळाला नाही. पळालो मी. तो माझं नाव घेऊन मेला."