कोरोला आणायला केइताच हवी

कोरो रुसून घरी गेली त्याला आठवडा झाला होता आणि उद्या गिनीशी मॅच होती. जिंकलं तर आफ्रिका कपचं तिकीट, हरलं तर घरी बसून दुसऱ्यांच्या मॅच टीव्हीवर बघायच्या. आणि अशा वेळी मालीच्या महिला संघाची पहिली गोलकीपर कुठे होती? तर बामाकोपासून हाकेच्या अंतरावर, काती गावात, आईच्या अंगणात वेण्या घालून घेत बसली होती!

झालं होतं एवढंच, की सेनेगलविरुद्ध एक फुसका गोल गेला आणि कोच देम्बेले सगळ्यांसमोर ओरडला, "हा तर माझ्या आजीनेसुद्धा अडवला असता!" कोरोतुमु कुलिबाली काही कालची पोर नव्हती. तिने हातमोजे काढून त्याच्या हातात ठेवले, "मग आजीलाच बोलवा," म्हणाली आणि चालू पडली. देम्बेलेची आजी वारून जमाना लोटला होता, त्यामुळे तोही मार्ग बंद.

मनधरणीला फुटबॉल संघटनेचे मोठे साहेब जाऊन आले, इमाम जाऊन आले, मानाच्या कोलाच्या बिया घेऊन कोचची बायकोसुद्धा जाऊन आली. कोरोने बिया ठेवून घेतल्या आणि माणसं परत पाठवली.

मग दुपारी जेवताना कॅप्टन सानाबाने इकडेतिकडे बघितलं. "आपल्यात केइता कोण आहे गं?"

फिली केइताने मान खाली घातली आणि भात चिवडू लागली.

केइता आणि कुलिबाली हे चेष्टेचे सोयरे, तेही बापजाद्यांपासूनचे. केइताने कुलिबालीला भर बाजारात चवळीखाऊ म्हणायचं, आमच्या पणजोबांचे नोकर म्हणायचं. कुलिबालीने ते दामदुपटीने परत करायचं. रागवायचं मात्र कोणीच नाही. आणि सोयऱ्याने तोंड उघडून काही मागितलं, तर नाही म्हणायची सोय नाही. मग नवरा-बायकोचं भांडण असो नाहीतर बांधावरचं, आमच्याकडे शेवटी सोयऱ्यालाच बोलावतात.

अडचण एकच होती. फिली संघाची दुसरी गोलकीपर होती. कोरो आली नाही तर उद्या गोलात फिलीच उभी राहणार होती. इतकी वर्षं बाकावर बसून बसून बाकाला तिचा आकार यायची वेळ आली होती, पण देशासाठी ती एक मिनिटही खेळली नव्हती. उद्या तिची आई कायेसहून बसने येणार होती, लेकीला बघायला. आणि आता हिनेच जाऊन कोरोला आणायचं! म्हणजे माझ्या ताटातलं मीच उचलून तिला वाढायचं, फिली मनात चरफडली.

"मला बरं वाटत नाहीये," ती म्हणाली.

"दुसऱ्यांदा भात घेतलायस तू," सानाबा म्हणाली. "ऊठ."

मिनीबसमध्ये दोन बकऱ्या आणि एका जाड्या मामांच्या मधे दाबून बसल्या बसल्या फिलीला युक्ती सुचली. जायचं, पण मागायचं नाही. नुसतं गोड बोलायचं. चेष्टाच केली नाही तर सोयरिकीचा हक्क कुठून येणार? कोरो म्हणेल, येत नाही. आपण म्हणायचं, बरं. परत येऊन सांगायचं, गेले होते बाई, नाही म्हणाली. यात खोटं काय? फिलीला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं आणि जरा लाजही वाटली.

अंगणात कोरोची आई विकायला चवळीचे वडे तळत होती. कुलिबालींच्या घरात चवळीचे वडे! एरवी हे बघून फिलीने गल्ली गोळा केली असती. आज ती दाराशी वाकली, चपला काढल्या आणि म्हणाली, "सलाम, काकी. तब्येत बरी आहे ना? कोरोताई घरी आहेत का?"

काकींचा झारा हवेतच थांबला. "काय म्हणालीस?"

"कोरोताई आहेत का, विचारलं."

"आहेत का?" काकींचा चेहरा पडला. ही पोर दर ईदला येऊन घर डोक्यावर घ्यायची आणि जाताना आख्ख्या खानदानाचा उद्धार करून जायची. "केइताची पोर, आणि 'आहेत का'? कोण गेलं गं?"

"कोणी नाही, काकी. मी आपली सहज..."

"सहज कशी? तू संघाकडूनच आलीस ना?" काकींनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! देम्बेलेच गेला! भांडण न मिटवताच गेला बिचारा!"

आता अशी बातमी अंगणात थांबते होय? शेजारणी धावल्या. एकीने चटई अंथरली, दुसरीने डोक्यावरून पदर घेऊन सूर लावलासुद्धा. कोणीतरी खुर्च्या आणायला पळालं. फिली "अहो, ऐका तरी!" म्हणत होती, पण रडारडीत तिचं ऐकतो कोण!

तेवढ्यात मागच्या खोलीतून कोरो आली. अर्ध्या डोक्याच्या वेण्या झालेल्या, अर्धे केस उभे. "देम्बेले?" ती म्हणाली. "कधी?" आणि उखळाशेजारी मटकन खालीच बसली. "काल त्याने दोनदा फोन केला गं, मी उचलला नाही. माझे पहिले हातमोजे त्यानेच दिले होते. माझ्या लग्नात वेड्यासारखा नाचला होता. आणि मी फोन उचलला नाही." एवढी उंच, दांडगी बाई, पण लहान मुलीसारखी रडायला लागली.

फिलीला आधी हसू आलं, मग आलं नाही. खरं तर काम सोपं होतं. तो जिवंत आहे एवढं सांगायचं आणि मागे फिरायचं. पण कोरोच्या तोंडाकडे बघून तिला सगळं कळलं. हिला यायचंच होतं. नाही म्हणताच येणार नाही असं कोणीतरी येऊन मागेल, म्हणून ही आठवडाभर वाट बघत बसली होती. आणि ही गोलात असली की गिनी काय, कोणीही असो, सगळ्या पोरी बिनधास्त पुढे पळतात, हेही फिलीने बाकावरून रोज बघितलं होतं.

"कोणी मेलेलं नाही, चवळीखाऊ!" फिली किंचाळली. "देम्बेले धडधाकट आहे, फक्त अक्कल गेलीये त्याची! आमच्या पणजोबांनी तुम्हाला चवळी घालून पोसलं ते काय उखळापाशी बसून गळा काढायला? ऊठ! उद्या गोलात उभी राहा. मी मागतेय."

शब्द तोंडातून गेला. बसमधून उतरणारी आई डोळ्यांपुढे आली आणि फिलीलाच रडू कोसळलं.

कोरो आधी तिच्याकडे बघत राहिली, मग डोळे पुसता पुसता हसायला लागली. "ही खरी! अगं नोकराच्या पोरी, मघाशी काय झालं होतं तुला? जीव घेतला असतास माझा!" शेजारणींनी शिव्या घालत चटई गुंडाळली. रडायला आलेल्या सगळ्यांनी वडे खाल्ले, आणि काकींनी एकीकडूनही पैसे घेतले नाहीत.

परतताना मिनीबसमध्ये कोरोने एकदम विचारलं, "उद्या तूच असणार होतीस ना गं गोलात?"

"वडे खा," फिली खिडकीबाहेर बघत म्हणाली. कोरोने अर्धा वडा मोडून तिच्या हातात ठेवला.

देम्बेलेने दोन्ही हातांनी हातमोजे पुढे केले. "चुकलो," म्हणाला, तेही सगळ्यांसमोर. मॅच तर काय, बघायलाच नको! कोरोने माशीसुद्धा आत जाऊ दिली नाही आणि सानाबाच्या पोरींनी गिनीवर तीन गोल चढवले. फिलीने बाकावरून ओरडून घसा बसवून घेतला. आई बसली होती त्या बाजूला मात्र तिने एकदाही बघितलं नाही. काय तोंडाने बघणार?

शेवटची मिनिटं उरली आणि कोरो गोलातच बसली.

"पायात गोळा आला," तिने सांगितलं. कुठल्या पायात, असं रेफ्रीबाईंनी विचारल्यावर तिने आधी डावा दाखवला, मग विचार करून उजवा. देम्बेलेने तिच्याकडे बघितलं, मग बाकाकडे बघितलं. "फिली, उभी राहा," तो म्हणाला.

लंगडत बाहेर येताना कोरोने विचारलं, "गोलाच्या दाराशी उभं राहता येईल ना, केइता? की तेही शिकवू?"

"चवळी बाधलीये तुला. सरक!" फिली म्हणाली.

पण गिनीच्या पोरी दमलेल्या, इकडे फिरकेनातच. मग सानाबाने मैदानाच्या मध्यातून उगाचच चेंडू मागे फिलीकडे दिला. तिने तो लाथाडला. पुन्हा एकीने दिला, पुन्हा दुसरीने. प्रेक्षकांना गंमत कळली आणि प्रत्येक वेळी आख्खं स्टेडियम ओरडायला लागलं. पण आपल्याच पोरीने पायाने दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, म्हणून फिली नुसती लाथाडत होती.

अखेर गिनीने एक लांब, उंच चेंडू मारला. सानाबाला तो सहज पुढे उडवता आला असता. तिने मान वळवली आणि डोक्याने अलगद मागे टाकला.

फिलीने तो दोन्ही हातांनी झेलला, छातीशी धरला आणि गरज नसताना त्याच्यासकट जमिनीवर पडली. तेवढ्यात शेवटची शिट्टी झाली. सगळ्या पोरी तिच्या अंगावर येऊन कोसळल्या. रेफ्रीबाई चेंडू मागायला आल्या, तेव्हा त्या ढिगाच्या तळातून आवाज आला, "थांबा ना थोडं!"