डाव्या वळणाचा हात

दहा वर्षं आमच्या गाडीचा डावा इंडिकेटर म्हणजे मी. उजवीकडे वळायचं असलं की आमचे हे स्टीअरिंगखालची दांडी सरकवायचे आणि उजवा दिवा लुकलुकायचा. डावीकडे वळायचं असलं की म्हणायचे, "कुसा, हात." मी खिडकीतून हात काढायचे, मागचा ट्रकवाला वेग कमी करायचा आणि आम्ही वळायचो. गाडी चौऱ्याहत्तर साली घेतली, तेव्हाच ती वीस वर्षांची म्हातारी होती, आणि महिन्याभरात तिचा डावा दिवा गेला तो गेलाच. ड्रायव्हरनं उजवा हात गोल फिरवला तरी डावीकडे वळायची खूण होते, असं मी एकदा कुठंतरी वाचून यांना सांगितलं. तर म्हणे नाशकात ती खूण कोणाला कळत नाही.

मागच्या मार्चात मला अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला. तोंडाला काही झालंच नव्हतं, ते बरं की वाईट हे यांना विचारा. डावा हात मात्र खांद्यातून उचलेना. मग मी ठरवून टाकलं, आता गाडीत बसायचं नाही. सायखेड्याला लोकांच्या कांद्यात निंदणी करत वाढलेली बाई मी. ज्याच्यानं काम होत नाही त्यानं उगाच जागा अडवू नये, एवढं मला कळतं. फक्त हे एकटे गेले आणि डावीकडे वळताना मागून कोणी ठोकलं तर? म्हणून तेवढा इंडिकेटर दुरुस्त करून घ्या, की मी सुटले, असं मी यांना बजावलं.

चार महिने हे टाळत राहिले. स्विच मिळत नाही, मुंबईहून मागवलाय. मेकॅनिक हारुन चांदवडला सासुरवाडीला गेलाय. तेवढ्यात पुढचे मोठे दिवेही खड्डा आला की विझायला लागले. मग माझं डोकं फिरलं. एका सकाळी मी स्वतः गाडीत जाऊन बसले, मागच्या सीटवर, आणि म्हटलं, "चला हारुनकडे."

हारुनचं पत्र्याचं गॅरेज द्वारका चौकाच्या पुढं. पोरगा तिशीचा, गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो आणि वायर नीट बघितल्याशिवाय तोंड उघडत नाही. त्यानं दिव्यांचं बटण ओढलं, डॅशबोर्डवर मूठ आपटली. दिवे विझले. परत आपटली, लागले. बटण बाहेर काढून त्यानं आतली पितळी पट्टी दाखवली, काजळून गेली होती. ती पॉलिश पेपरनं घासली, सैल स्प्रिंग बदलली आणि बटण बसवून पुन्हा मूठ आपटली. दिवे विझले नाहीत.

"हे झालं. अजून काय?"

"बस, एवढंच," हे घाईघाईनं म्हणाले.

"एवढंच कसं?" मी म्हटलं. "डावा इंडिकेटर राहिला ना."

"त्याला वेळ लागेल. तुला उगाच ताटकळत..."

"मला कुठं जायचंय? बसलेय मी इथं."

हारुननं बॅटरीवरून सरळ वायर आणून डाव्या बाजूच्या दिव्यांना लावली. पुढचा पेटला, मागचाही पेटला. "बल्ब चांगले हायेत काकू. दोन्ही एकदम बंद, म्हणजे करंटच येत नाय. स्विच गेला असंल." त्यानं दांडीचा स्विच उघडला. आत सगळं स्वच्छ. हे चष्मा पुसत उभे होते. दोन मिनिटं झाली तरी पुसतच होते.

मग हारुन टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवा झाला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात हिरव्या वायरीचं टोक होतं.

"साहेब, ही तुटलेली नाय. कुणीतरी काढून, पट्टी गुंडाळून, वर बांधून ठिवली हाय."

टोकाला काळी पट्टी नीट गुंडाळली होती आणि वायर जिनं बांधली होती ती फायलीची लाल नाडी होती. तीस वर्षं कचेरीत फायली बांधणारा माणूस माझ्यासमोर उभा होता. ती गाठ मी झोपेतही ओळखली असती. हारुननं आमच्या दोघांची तोंडं बघितली आणि म्हणाला, "मी चहा सांगून येतो."

"दहा वर्षं," मी म्हटलं. "हा डावा हात बघा, उजव्यापेक्षा किती काळा पडलाय उन्हानं. पावसात भिजले, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या. आणि तुम्ही..."

"गाडी घेतली तेव्हा तुला तीनदा विचारलं," हे खाली बघून म्हणाले. "धरणावर जाऊ म्हटलं, कळवणला तुझ्या बहिणीकडे जाऊ म्हटलं. नुसतं फिरायला कशाला, घरात कामं पडलीत, म्हणालीस. चौथ्यांदा म्हटलं की इंडिकेटर बिघडलाय, हात दाखवायला माणूस पाहिजे. तर पदर खोचून पुढं येऊन बसलीस."

"मग आता जोडायचं होतं. माझा हात गेला तेव्हा."

"जोडलं असतं तर तू उतरली असतीस. म्हणून तो स्विच मुंबईहून येत होता."

मला भांडायचं होतं. भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण डोळे वाहायला लागले आणि पदर लावायला एकच हात होता. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. त्यांना माझी सोबत हवी होती, कामाची नव्हे, नुसती सोबत, आणि ती मागायला त्यांना गाडी मोडावी लागली होती. याची मला त्या क्षणी फार लाज वाटली.

हारुन चहा घेऊन आला. मी म्हटलं, "जोड ती वायर."

यांचा चेहरा उतरला. हारुननं वायर जोडली, दांडी डावीकडे सरकवली. दिवा टिकटिक करू लागला.

निघताना यांनी माझ्यासाठी मागचं दार उघडलं. मी ते लोटलं आणि पुढं जाऊन बसले. पुणे रोडनं आम्ही उपनगरपर्यंत आलो, आमच्या कॉलनीचं डावं वळण आलं, यांनी दांडी सरकवली. माझा हात मांडीवर पडलेला होता.

"वळू नका," मी म्हटलं. "सरळ घ्या."

"सरळ सिन्नर आहे. तिथं कोण आहे आपलं?"

"कोणी नाही."

मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला. यांनी दांडी परत मधे आणली आणि माझा काळवंडलेला हात आपल्या हातात घेतला.

"दोन्ही हातांनी चालवा," मी म्हटलं. पण हात काढून घेतला नाही.